बापाच्याच हाती निरोप

माद्रिदला राहायला आल्यावर आमच्या वस्तीतल्या एका हौशी गायकवृंदात मी नाव घातलं. हेतू साधाच होता: स्पॅनिश जिभेवर रुळावी, चार ओळखी व्हाव्यात. पुढे त्या वृंदाने आमादेओ व्हिवेस यांची 'दोन्या फ्रान्सिस्किता' बसवायला घेतली आणि मी आल्टोंच्या रांगेत उभी राहिले. ही थार्थुएला, म्हणजे स्पेनचं संगीत नाटक. पात्रं बोलता बोलता गायला लागतात आणि गाणं संपलं की पुन्हा बोलायला लागतात. मी सांगलीची, त्यामुळे बोलण्याच्या मधेच गाणं का येतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडले ते दुसरेच प्रश्न. तालमीत, विंगेत आणि नंतर प्रेक्षागृहात बसून त्यांची जी काही उत्तरं हाती लागली, ती इथे मांडते.

१. गोष्ट सांगता येत नसेल तर गाऊ नका

आमच्या वृंदाच्या बाई निवृत्त संगीतशिक्षिका. पहिल्या तालमीला त्यांनी स्वरलिपीचे कागद वाटलेच नाहीत. प्रत्येकाने उभं राहायचं आणि घरातल्या लहान पोराला सांगावी तशी गोष्ट सांगायची. कुणी कार्निव्हलपासून सुरुवात केली, कुणी नटीपासून, एका गृहस्थांनी तर थेट माद्रिदच्या इतिहासाला हात घातला. बाई प्रत्येकाला मधेच थांबवायच्या. "ते सगळं राहू द्या. तक्रार कुठंय?"

ती तक्रार अशी. फ्रान्सिस्किता नावाच्या मुलीचा जीव फर्नांदो या विद्यार्थ्यावर जडला आहे. फर्नांदो आउरोरा नावाच्या नटीपायी वेडा झालाय आणि ती त्याला हिंग लावूनही विचारत नाही. फ्रान्सिस्किता त्याच्यासमोर रुमाल पाडून बघते. तो रुमाल उचलून देतो, गोड बोलतो आणि पुन्हा नटीकडे बघायला लागतो. अशात फर्नांदोचा बाप, मातियास, फ्रान्सिस्कितालाच मागणी घालायला येतो. तिच्या आईला क्षणभर वाटतं, मागणी आपल्यालाच आहे. मुलगी डोकं शांत ठेवून म्हाताऱ्याला 'हो' म्हणते. मग होणाऱ्या नवऱ्याकडे लाजत लाजत गाऱ्हाणं करते: तुमचा मुलगा माझ्या मागे लागलाय, त्याला जरा समज द्या. बाप तणतणत जाऊन पोराला फैलावर घेतो. पोरगा चक्रावतो, कारण त्याने यातलं काहीच केलेलं नसतं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की ही तक्रार नाही, हे बोलावणं आहे. आणि बोलावणं घेऊन आलाय तो साक्षात आपला बाप!

हे कळल्यावर आमच्या गाण्यात फरक पडला. कोरसमधली माणसं नाटकभर या खोडीच्या आजूबाजूला वावरत असतात. त्यांना ती ठाऊक नसली तरी गाणाऱ्याला ठाऊक असावी लागते. नाहीतर सगळा आनंद एकाच पट्टीतला होतो.

२. खोडी ठेवावी, कपडे बदलावेत

'दोन्या फ्रान्सिस्किता' रंगभूमीवर आली १७ ऑक्टोबर १९२३ रोजी, माद्रिदच्या आल्काला रस्त्यावरच्या तेआत्रो आपोलोत. संहिता फेदेरिको रोमेरो आणि गियेर्मो फर्नांदेस-शॉ या जोडीची. तिचं मूळ मात्र तीनशे वर्षांहून जुनं: लोपे दे वेगाचं 'ला दिस्क्रेता एनामोरादा'. लोपे (१५६२–१६३५) हा स्पेनच्या सुवर्णयुगाचा नाटककार. त्याने शेकड्यांनी नाटकं लिहिली. १६०९ साली नाट्यलेखनावर त्याने पद्यात एक प्रबंध लिहिला. पंडितांचे नियम कुलुपात टाकून तिकीट काढणाऱ्या माणसासाठी लिहावं, असं त्याचं उघड म्हणणं.

त्याच्या नाटकात मुलीचं नाव फेनिसा, तरुणाचं लुसिंदो, आणि बाप एक कप्तान. रोमेरो आणि फर्नांदेस-शॉ यांनी काळ पुढे ओढून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याजवळ, रोमँटिक कवींच्या जमान्यात आणला. कथानक कार्निव्हलच्या धामधुमीत बसवलं. लोपेच्या गणिकेची नटी केली, नोकराचा जिवलग मित्र केला. नावं, पोशाख, मोसम, सगळं बदललं. हात लावला नाही तो फक्त त्या तक्रारीला.

मला आधी वाटायचं की ही युक्ती लोपेची. मग वाचत गेले तसं कळलं, त्याच्या आधीही ती हिंडत होती. बोकाच्चोच्या 'देकामेरोन'मध्ये, म्हणजे चौदाव्या शतकात, एक बाई अशीच तक्रार घेऊन एका पाद्र्याकडे जाते आणि तो भाबडेपणाने तिच्या आवडत्या माणसाला जाऊन दटावतो. जे त्याने केलेलंच नाही ते करण्याची वाट त्यालाच दाखवून देतो. लोपेने पाद्र्याच्या जागी बाप आणला आणि खोडीला धार आली, कारण आता निरोप्या स्वतःच नवरदेव झाला. पुढे १६६१ साली मोलिएरने आपल्या एका प्रहसनात हेच सूत्र पॅरिसला नेलं.

मोलिएर म्हटल्यावर मराठी माणसाला देवल आठवावेत. मोलिएरच्या एका नाटकावरून इंग्रजीमार्गे 'संशयकल्लोळ' मराठीत आलं आणि फाल्गुनरावाला आज कुणी फ्रेंच म्हणणार नाही. संशय हेच त्या नाटकाचं इंजिन आहे आणि देवलांनी ते जसंच्या तसं चालू ठेवलं. माद्रिदच्या या दोघांनी केलं तेही असंच. रूपांतर फसतं ते बहुधा उलट केल्यामुळे: पोशाख जसेच्या तसे आणि इंजिन बंद.

हे त्यांचं एकच यश नव्हतं. लोपेच्याच दुसऱ्या नाटकावरून त्यांनी व्हिवेससाठी १९२७ मध्ये 'ला व्हियाना' लिहिलं आणि तिसऱ्यावरून हासिंतो गेरेरोसाठी १९३० मध्ये 'ला रोसा देल आसाफ्रान'. लोपेकडे ते परत परत गेले.

३. कपट चारचौघांत गावं, घालमेल एकट्याने

फर्नांदोचं सगळ्यात गाजलेलं गाणं दुसऱ्या अंकात येतं. टेनर गायकांच्या मैफिलीत ते हटकून असतं. तो एकटा उभा राहून गातो. आउरोराला विसरलो असं स्वतःला बजावतो आणि विसरलेलो नाही हेही त्याच दमात सांगून टाकतो. आगीचा माग धुरावरून लागतो, तसं आपल्या मनाचं झालंय, असं त्याचं रडगाणं. चाल अशी की ऐकणाऱ्याने त्याच्या बाजूने व्हावं.

फ्रान्सिस्किताचं तितकंच गाजलेलं गाणं पहिल्या अंकात येतं. एका पक्ष्याची आणि गुलाबाची ती प्रेमकहाणी. आवाज वर वर चढतो, तानांनी भरतो, सोप्रानोचा कस लागतो. ती गाते तेव्हा भोवती लोक असतात. वरवर ती फक्त एक गोष्ट सांगत असते.

तालमीत मी दोन्ही गाणी इतक्यांदा ऐकली, की एक दिवस त्यांच्यातलं नातं आपसूक दिसलं. मुलगा एकटा असताना सगळं उघड बोलतो, तरी त्याला स्वतःचा थांग नाही. मुलगी सगळ्यांच्या देखत दुसऱ्याचीच गोष्ट सांगते आणि तिला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक आहे. तक्रारीची खोडी इथे सुरांत उतरली आहे. व्हिवेसने मूळ नाटकातला स्वभाव असा संगीतात मुरवला. कथानक न बदलता गाणी पेरली असती तर ती मधल्या सुट्टीसारखी वाटली असती.

तेव्हापासून कुठलंही संगीत नाटक बघताना मी बघते, की गाणाऱ्या पात्राला ऐकणारा कोण आहे. पदाचा अर्धा अर्थ तिथेच असतो.

४. शहर बाहेरून आलेल्याला जास्त ऐकू येतं

'दोन्या फ्रान्सिस्किता' ही माद्रिदची लाडकी. इथल्या आजीबाईंना तिची गाणी तोंडपाठ असतात. पण व्हिवेस माद्रिदचा नव्हता. तो कातालोनियातल्या कोल्बातोचा, मोन्त्सेरात डोंगराच्या पायथ्याच्या गावचा. जन्म १८७१. बार्सेलोनात घडला, मग राजधानीत आला आणि तिथेच १९३२ मध्ये वारला.

पडदा उघडतो तेव्हा चौकात सकाळ झालेली असते. पाणी विकणारा ओरडतो, फेरीवाली आपला माल पुकारते, फुटक्या मातीच्या भांड्यांना तारेचे टाके घालून देणारा आरोळी देतो. नायक-नायिका यायच्या आधी शहर गायला लागतं. इथेच जन्मलेल्या माणसाने या आरोळ्या लहानपणापासून ऐकून कानाआड केल्या असत्या. व्हिवेसच्या कानावर त्या नव्याने पडल्या असणार, असं माझं मत आहे.

आमच्या तालमीत मी परकी म्हणून सुरुवातीला दबून असायची. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या आजी अस्सल माद्रिदच्या. शब्दांच्या शेवटचा 'द' त्या सहज खाऊन टाकायच्या. बाई त्यांना म्हणायच्या, "तुम्ही घरी बोलता तसं गाता आहात. हिच्याकडे बघा, ही प्रत्येक अक्षर उच्चारते." मग माझ्याकडे वळून, "आणि तू, इतकं नीट नको. शाळेत धडा वाचतेस का?" शेवटी आम्ही दोघींनी एकमेकींचं थोडं थोडं उचललं. बाईंनी आम्हाला मुद्दामच शेजारी उभं केलं होतं, हे पुढे कळलं.

५. कोरस म्हणजे मागची भिंत नव्हे

व्हिवेसने १८९१ साली ल्युईस मिलेतबरोबर बार्सेलोनात 'ओर्फेओ कताला' हा गायकवृंद उभा केला. बार्सेलोनाचं प्रसिद्ध संगीतगृह, पलाऊ दे ला मुसिका, पुढे याच वृंदासाठी बांधलं गेलं आणि १९०८ मध्ये खुलं झालं. म्हणजे नाटकांत नाव काढण्याआधी हा माणूस समूहगायन जगलेला होता. 'फ्रान्सिस्किता'तला कोरस त्यामुळे कधीच नुसता उभा नसतो. लग्नाचं वऱ्हाड चर्चमधून बाहेर पडतं, कार्निव्हलची मंडळी धिंगाणा घालत येतात, रात्री तरुण जोडपी गल्लीतून जातात.

तिसऱ्या अंकातला हा रात्रीचा कोरस सगळ्यांत अवघड. बायका विचारतात, आपली पोरं कुठे राहिली. पुरुष उत्तर देतात. चाल हलकी, डौलदार, थोडी थट्टेखोर, कारण रोमँटिक कवींच्या उसाशांची व्हिवेस प्रेमाने टिंगल करतो आहे. आम्ही पहिल्यांदा गायलो तेव्हा मोर्चा निघाल्यासारखं वाटलं. बाईंनी पुरुषांना खोलीबाहेर काढलं आणि जिन्यात उभं केलं, दार किलकिलं ठेवून. मग आम्हाला म्हणाल्या, "आता विचारा."

पुरुष दिसत नव्हते, फक्त जिन्यातून घुमत येत होते. त्यांचं उत्तर ऐकण्यासाठी आम्हाला आवाज उतरवावाच लागला. माझ्या शेजारच्या आजींनी कोपराने ढोसलं. "अगं, हाक मारतेयस ना? मग हाक मार. बातमी काय देतेस?" त्या दिवसापासून तो कोरस जमायला लागला. दार पूर्ण उघडल्यावरही आम्ही कान जिन्याकडेच ठेवले.

समूहात गाणाऱ्याने स्वतःपेक्षा समोरच्याचं जास्त ऐकावं, हे पुस्तकी वाक्य मी आधी दहादा वाचलं असेल. पटलं ते जिन्यामुळे.

६. काही गोष्टी हातालाच शिकवाव्या लागतात

तिसऱ्या अंकात नाचाच्या अंगणात फांदांगो सुरू होतो आणि पहिल्या काही मात्रांतच प्रेक्षक सरसावून बसतात. शब्द नाहीत. वाद्यवृंद, नाचणारे पाय आणि कास्तान्युएला.

ही लाकडी जोडवाद्यं लांबून गंमतीची वाटतात. आजींनी आपला जोड माझ्या हातात दिला तेव्हा कळलं, की दोन्ही हातांतले जोड सारखे नसतात. उजव्या हातातला जरा चढ्या आवाजाचा, डाव्यातला खर्जातला. दोरी अंगठ्याला बांधायची. उजव्या हाताची करंगळी, अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकापाठोपाठ एक लाकडावर पडली की थरथरता नाद उठतो आणि डाव्याचा ठोका त्याला मात्रेवर आणून सोडतो. तबला-डग्ग्यापाशी वाढलेल्या माणसाला ही वाटणी लगेच उमजते. बोटांना मात्र ती उमजायला फार वेळ लागतो. माझ्या बोटांतून बराच काळ फक्त पावसाळी पत्र्याचा आवाज निघत होता आणि आजी शांतपणे दुसरीकडे बघत होत्या.

म्हणून लुसेरो तेनाचं मोल मला कळलं. मेक्सिकोत जन्मलेल्या या बाईंनी नर्तिका म्हणून सुरुवात केली आणि कास्तान्युएलाला मैफिलीत एकल वाद्याची जागा मिळवून दिली. वयाच्या ऐंशीच्या आसपास त्या 'फ्रान्सिस्किता'च्या फांदांगोत वाजवायला उभ्या राहिल्या. ना नाच, ना हावभाव, फक्त दोन हात. प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. आपल्याकडे वन्समोअर असतो, तसा इथे 'बिस'चा पुकारा होतो.

७. हसवणाऱ्याने स्वतः गंभीर राहावं

फर्नांदोचा मित्र कार्दोना कार्निव्हलमध्ये बाईचं सोंग घेतो, आउरोराला जळवण्यासाठी. ही युक्तीही लोपेकडून आलेली. तिथे नोकर लुगडी नेसतो, म्हणजे त्या काळचा झगा चढवतो. आमच्याकडे ही भूमिका एका टॅक्सीचालकाने केली. तालमीत तो कंबर हलवायचा, डोळे मोडायचा आणि कुणी हसायचं नाही. बाईंनी त्याला सांगितलं, "झगा नीट सावर. चिखलात भिजू देऊ नकोस. बाकी काही करू नकोस." प्रयोगात त्याने खरोखर फक्त झगा सावरला. लोकांनी पोट धरलं.

बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या डोळ्याला पुरुषाने स्त्री होणं म्हणजे पुरुष पार नाहीसा होणं. इथे उलट आहे. खाली दाढीचे खुंट आणि हातात पंखा, दोन्ही एकाच वेळी दिसलं पाहिजे. दोन्ही कला आपापल्या जागी कठीण.

८. आईकडे लक्ष द्या

पहिल्या वाचनात मी फ्रान्सिस्किताच्या बाजूची होते. आता वयाने मी तिच्या आईजवळ जास्त आहे आणि मागणीचा तो प्रवेश मला पूर्वीसारखा हसवत नाही. म्हातारा घरी येतो, आडवळणाने बोलतो, बाई लाजते, मनात मांडव घालते, आणि मग कळतं की हा आपल्या मुलीसाठी आलाय. प्रेक्षक हसतात. हसावं असंच ते लिहिलेलं आहे.

आमच्याकडे आईचं काम करणाऱ्या बाई बँकेत नोकरीला होत्या. त्यांनी तो प्रवेश असा केला: गैरसमज उघडा पडल्यावर त्या थांबल्या, मुलीकडे एकदा बघितलं, आणि पाहुण्याला काय हवं नको ते विचारायला वळल्या. हसू आलं आणि लगेच आटलं. एकही शब्द वाढवलेला नव्हता.

लोपेच्या नाटकात शेवटी कप्तानाची गाठ मुलीच्या आईशीच बांधली जाते, तीही अंधारातल्या एका फसवणुकीतून. १९२३ च्या मंडळींनी भर दिला तो म्हाताऱ्याच्या उघड माघारीवर: मातियास सगळ्यांसमोर पोरांना आशीर्वाद देऊन बाजूला होतो. कुठला शेवट बरा यावर आमच्या वृंदात रात्र रात्र वाद झाले. माझं मत लोपेच्या बाजूने नाही. फसवून लावलेलं लग्न आईला नको होतं. तिला कुणीतरी खरंच मागणी घालायला हवी होती. पण हेही खरं, की खोडी करणारी मुलगी जितकी हुशार, तितकं तिच्या भोवतीच्या कुणाला तरी बोचतं. चांगला दिग्दर्शक ते झाकत नाही.

९. कात्रीवर चिडण्याआधी बघावं, काय कापलं

२०१९ साली माद्रिदच्या तेआत्रो दे ला थार्थुएलात ल्युईस पास्कालने 'फ्रान्सिस्किता' नव्याने बसवली. तीन अंक तीन काळांत: पहिला एकोणीसशे तीसच्या दशकातल्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत, दुसरा साठच्या दशकातल्या टीव्ही स्टुडिओत, तिसरा आजच्या तालमीच्या खोलीत. मूळचे संवाद जवळपास सगळे गेले, त्यांच्या जागी एक नट दुवे जोडत राहिला. प्रेक्षागृहातून आरडाओरडा झाला. लुसेरो तेनाचा तो फांदांगो याच प्रयोगातला. तिला मात्र त्याच लोकांनी डोक्यावर घेतलं.

या वास्तूत असा राग समजण्यासारखा आहे. १८५६ साली उघडलेलं हे नाट्यगृह शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झालं ते होसे तामायोने बसवलेल्या 'फ्रान्सिस्किता'नेच, आणि फर्नांदो होता तरुण आल्फ्रेदो क्राउस. लोकांच्या डोळ्यांसमोर तो इतिहास असतो.

तरीही मला गंमत वाटत होती. रोमेरो आणि फर्नांदेस-शॉ यांनी लोपेच्या नाटकाचा काळ बदलला, पात्रं बदलली, अख्खं कार्निव्हल आत घुसवलं. त्याला कुणी अपमान म्हटलं नाही. आता त्यांच्याच संहितेला कोणी हात लावला तर आभाळ कोसळावं, हा न्याय कुठला? म्हणून 'मूळ बदललं' या तक्रारीत मी सामील होत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. संवाद गेले की तक्रारीची ती खोडीही जाते. मुलगी बापाला कसं गुंडाळते, तो रागाच्या भरात निरोप कसा पोचवतो, पोराचा चेहरा कसा पालटतो, हे बोलण्यातून घडतं. दुवे जोडणाऱ्याने ते सांगितलं की माहिती मिळते, गंमत मिळत नाही. गाणी सगळी होती, उत्तम गायली गेली, आणि तरी ती हारातून सुटलेल्या फुलांसारखी वाटली. कात्री लावायला हरकत नाही. इंजिनाच्या तारा तेवढ्या सोडून लावावी.

१०. सुरुवात कुठून करावी

मराठी वाचकांपैकी कुणाला ऐकावंसं वाटलं तर माझा सल्ला असा. आधी गोष्ट नीट समजून घ्या, अगदी पहिल्या तालमीसारखी. मग रात्रीचा कोरस ऐका, त्यानंतर फांदांगो, आणि मगच टेनर-सोप्रानोच्या गाजलेल्या गाण्यांकडे वळा. फर्नांदोसाठी क्राउस ऐका. उतारवयातही त्याच्या आवाजात विद्यार्थ्याचा भाबडेपणा टिकला होता. प्लासिदो दोमिंगोचंही ध्वनिमुद्रण आहे. त्याचे आई-वडील थार्थुएलाचे गायक, त्यामुळे हे संगीत त्याच्या घरचंच. सिनेमा आवडत असेल तर १९३४ आणि १९५२ असे दोन चित्रपट आहेत.

१९२३ चा तो पहिला प्रयोग झाला तेव्हा स्पेनमध्ये प्रिमो दे रिव्हेराच्या लष्करी सत्तेला जेमतेम महिना झाला होता. ज्या आपोलोत तो झाला ते नाट्यगृह १९२९ मध्ये बंद पडलं आणि पाडलं गेलं. हुकूमशहा गेले, राजे आले-गेले, यादवी झाली, आणि एक मुलगी म्हाताऱ्यापुढे मान खाली घालून 'तुमच्या मुलाला आवरा' असं म्हणते तो क्षण अजून तसाच चालतो. बोकाच्चोच्या पाद्र्यापासून आमच्या वृंदातल्या टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तो चालवता आला, कारण त्याला ना राजवाडा लागतो ना मोठा वाद्यवृंद. अधिकार गाजवणारा एक माणूस लागतो आणि त्याच्याच अधिकाराचा टपालासारखा वापर करणारी एक पोरगी.

उद्या कुणी हे मराठीत करायला घेतलं, तर त्यांनी वाटेल ते बदलावं. कार्निव्हलच्या जागी शिमगा आणा, नटीच्या जागी मालिकेतली नायिका, चालीही आपल्या घ्या. फक्त निरोप फोनवरून पाठवू नका. तो बापाच्याच तोंडून गेला पाहिजे, आणि बापाला शेवटपर्यंत वाटत राहिलं पाहिजे की आपण पोराला रागावून आलो.